नॉटविथस्टँडिंग, व्हेअरअ‍ॅज, देअरबाय: हे शब्द आले कुठून आणि त्यांचा नेमका अर्थ काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: भाडेकरार, बँकेची कागदपत्रं, कोर्टाच्या ऑर्डरी यांत नॉटविथस्टँडिंग, व्हेअरअ‍ॅज, देअरऑफ, हिअरबाय असले शब्द येतात, डिक्शनरी उघडली तर निम्म्यांपुढे ‘तरीसुद्धा’ आणि उरलेल्यांपुढे ‘म्हणून’ एवढंच सापडतं, मग यांच्यात फरक काय, हे आले कुठून आणि पाठ करण्याशिवाय काही मार्ग आहे का, आणि स्वतः इंग्रजी लिहिताना यातलं काय वापरावं. मी इंग्रजी-मराठी कायदेशीर भाषांतराचं काम करते, हे शब्द रोज हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाठ करायची गरज नाही हे आधीच सांगते. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द दोन-तीन साध्या शब्दांचा जोड आहे, काही तर अख्खी छोटी वाक्यं आहेत जी वापरून वापरून एकजीव झाली, आणि ती फोडून बघितली की अर्थ दिसायला लागतो. मराठी माणसाला हे फोडणं बऱ्याच इंग्रजांपेक्षाही सोपं जातं असं माझं ठाम मत आहे, का ते पुढे येईलच.

सगळ्यात घाबरवणारा म्हणजे नॉटविथस्टँडिंग, त्याच्यापासूनच सुरू करू. नॉट, विथ, स्टँडिंग. आता ‘विथ’ म्हणजे ‘सोबत’ असं धरलं की गाडी तिथेच अडते, सोबत उभं नसलेलं म्हणजे काय? पण जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा अर्थ होता विरुद्ध, समोरासमोर. तो अर्थ अजून गेलेला नाही, विथस्टँड म्हणजे समोर उभं राहून टिकाव धरणं, आणि ‘फाइट विथ’ म्हणतात तेव्हा भांडण विरुद्धच असतं ना. तेव्हा नॉटविथस्टँडिंग म्हणजे ‘आडवं न येता’. चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजी लेखनिकांनी हा शब्द फ्रेंच-लॅटिनवरून जसाच्या तसा बेतला, लॅटिनमध्ये ‘नॉन ऑब्स्टान्टे’, म्हणजे ‘आड न येता’, आणि त्यातला ऑब्स्टान्टे हा आपल्या ओळखीच्या ऑब्स्टॅकलचा सख्खा नातेवाईक. म्हणजे ‘नॉटविथस्टँडिंग क्लॉज नाइन’ याचा शब्दशः अर्थ ‘कलम ९ आडवं येत नाही’ असा. म्हणूनच हा शब्द कधीकधी नामाच्या मागे पण बसतो, ‘द रेन नॉटविथस्टँडिंग’, कारण मुळात ते ‘पाऊस आडवा न येता’ असं छोटं वाक्यच आहे.

या शब्दाला राजकीय इतिहास पण आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडचे राजे फर्मानात ‘नॉन ऑब्स्टान्टे’ लिहून पार्लमेंटने केलेला कायदा विशिष्ट माणसापुरता बाजूला ठेवायचे, अमुक कायदा काही का म्हणेना, या माणसाला परवानगी आहे. शेवटी १६८९च्या बिल ऑफ राइट्समध्ये स्पष्ट लिहिलं गेलं की नॉन ऑब्स्टान्टे वापरून कुठल्याही कायद्यातून सूट देता येणार नाही, म्हणजे एका शब्दप्रयोगाच्या जोरावर चालणारी राजाची सत्ता कायद्यानं काढून घेतली. पण शब्द मेला नाही, तो कायदे करणाऱ्यांच्याच हातात आला. आपल्या संविधानाचं ३७०वं कलम २०१९ मध्ये बदलेपर्यंत याच शब्दानं सुरू व्हायचं, ‘नॉटविथस्टँडिंग एनीथिंग इन धिस कॉन्स्टिट्यूशन’, निवडणुकांच्या बाबतीत कोर्टाचा हस्तक्षेप रोखणारं ३२९वं आजही तसंच सुरू होतं. मराठीत त्याला ‘या संविधानात काहीही असले तरी’ म्हणतात, आणि मला हे भाषांतर मनापासून आवडतं कारण ते ‘तरीसुद्धा’च्या नादाला लागलेलं नाही, ते थेट सांगतं की बाकी कुठे काहीही लिहिलेलं असू दे, इथलं चालणार.

आणि इथेच खरी मेख आहे. नॉटविथस्टँडिंग हा शब्द सांगतो की दोन कलमांची टक्कर झाली तर जिंकणार कोण. याच्या बरोब्बर उलटा शब्दप्रयोग म्हणजे ‘सब्जेक्ट टू’. समजा कलम ५ म्हणतं ‘नॉटविथस्टँडिंग क्लॉज नाइन’, तर ५ जिंकतं. तेच कलम ५ म्हणालं ‘सब्जेक्ट टू क्लॉज नाइन’, तर ९ जिंकतं, मराठीत ‘कलम ९च्या अधीनतेने’. आता कुणी दोन्हीचं भाषांतर ‘कलम ९ लक्षात घेऊन’ असं केलं, आणि असं केलेलं मी बघितलंय, तर वाचायला ते छान गुळगुळीत वाटतं पण करारातला निकालच पुसला जातो, घरमालकाला डिपॉझिट कापता येईल की नाही हे त्या एका शब्दावर ठरणार होतं. दोन वेगवेगळ्या कायद्यांत दोन्हीकडे नॉटविथस्टँडिंग असेल तर साधारणपणे नंतर आलेल्या कायद्याचा वरचष्मा धरतात पण दोन्हींचा उद्देश काय होता हेही कोर्ट बघतं, तो विषय वकिलांचा, त्यात मी जास्त शिरत नाही.

आता नेव्हरदलेस आणि ननदलेस. नेव्हर द लेस, नन द लेस, असे ते सरळ तीन तीन शब्द आहेत. कोडं आहे ते मधल्या ‘द’चं. हा ‘द’ आपण शाळेत शिकलो तो आर्टिकलवाला ‘द’ नाही. जुन्या इंग्रजीत आपल्यासारख्या विभक्ती होत्या आणि ‘ते’ या सर्वनामाची तृतीया होती, म्हणजे ‘त्यानं, त्यामुळे’, ती झिजून ‘द’ झाली आणि आर्टिकलसारखी दिसायला लागली. तोच ‘द’ ‘द मोअर द बेटर’मध्ये आहे, तिथे ‘द’ म्हणजे ‘जितकं, तितकं’. तर नेव्हरदलेस म्हणजे ‘त्यामुळे जराही कमी नाही’. पाऊस पडला, नेव्हरदलेस मॅच झाली, म्हणजे पावसामुळे मॅच होण्यात काही उणं आलं नाही. मराठीत आपण ‘म्हणून काही कमी नाही’ असं बोलताना म्हणतोच की. याच जुन्या तृतीयेचा अजून एक वंशज म्हणजे ‘लेस्ट’, न जाणो या अर्थाचा, तोही ‘त्यामुळे कमी’ याच जोडातून आलाय, ‘लपून बस, लेस्ट दे सी यू’. नेव्हरदलेस आणि ननदलेस यांच्यात अर्थाचा फरक शोधत बसू नका, व्यवहारात नाहीये.

पण नॉटविथस्टँडिंग आणि नेव्हरदलेस यांच्यात मात्र फरक आहे आणि तो डिक्शनरीतल्या ‘तरीसुद्धा’मुळे दिसतच नाही. नेव्हरदलेस फक्त सांगतो की आधीच्या गोष्टीचा नंतरच्या गोष्टीवर परिणाम झाला नाही, ते निवेदन झालं. नॉटविथस्टँडिंग हुकूम देतो, अमुक गोष्ट आडवी येणार नाही असं ठरवतो, म्हणून कायद्याच्या कलमाची सुरुवात नेव्हरदलेसनं झालेली तुम्हाला सहसा दिसणार नाही.

ऑलबीइट हा शब्द बरेच जण अल्बाइट किंवा अल्बेट असा वाचतात, तो ऑल-बी-इट असा म्हणायचा, आणि नीट म्हटला की अर्धा अर्थ तिथेच समजतो. ऑल बी इट, ‘असो का ते सगळं तसं’. चौदाव्या शतकात तो तीन सुटे शब्द म्हणूनच लिहायचे. ऑलदो मधला ऑल पण हाच. मराठीत याला ‘जरी’ पेक्षा कितीतरी नेमका शब्द आपल्याकडे आहे, ‘असेना का’. ‘ही केम, ऑलबीइट लेट’, आला, उशिरा असेना का. घरात बोलताना आपण हे सहज म्हणतो आणि भाषांतर करायला बसलो की ‘यद्यपि’ शोधत बसतो. कायदेशीर मसुद्यात ‘असेना का’ चालणार नाही हे मान्य, पण समजून घेण्यासाठी याहून सोपं काही नाही.

आता या सगळ्या विषयाचं पोट. हिअर, देअर, व्हेअर या तिघांपासून झालेले शब्द. हिअरबाय, हिअरिन, हिअरटू, हिअरआफ्टर. देअरबाय, देअरिन, देअरटू, देअरआफ्टर, देअरऑफ, देअरअपॉन. व्हेअरबाय, व्हेअरिन, व्हेअरऑफ, व्हेअरअपॉन. बघताना वाटतं की पन्नासेक शब्द आहेत, पण यंत्र एकच आहे. हिअर म्हणजे ‘हा, हे’. देअर म्हणजे ‘तो, ते’. व्हेअर म्हणजे ‘जो, जे’. आणि मागचा भाग म्हणजे आपला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय. हिअरिन यात, देअरिन त्यात, व्हेअरिन ज्यात. हिअरबाय याद्वारे, देअरबाय त्याद्वारे, व्हेअरबाय ज्याद्वारे. देअरऑफ त्याचा, व्हेअरऑफ ज्याचा. देअरआफ्टर त्यानंतर. संपलं. आणि याच घरातले बाकीचे: हिदर, दिदर, व्हिदर म्हणजे इकडे, तिकडे, जिकडे. हेन्स, देन्स, व्हेन्स म्हणजे इथून, तिथून, जिथून. मराठीत ही सगळी चौकट रोजच्या बोलण्यात शाबूत आहे, इंग्रजीत मात्र बोलण्यातून निम्मी गेली आणि फक्त कागदावर उरली, म्हणून म्हटलं की आपल्याला सोपं आहे.

त्यातही एक गोष्ट अशी की इंग्रजीत ‘व्हेअर’ प्रश्न पण विचारतो आणि संबंध पण जोडतो, आपल्याकडे ती दोन कामं वेगळी आहेत, क वाले प्रश्न विचारतात (कुठे, कशात) आणि ज वाले जोडतात (जिथे, ज्यात). करारात येणारा व्हेअर हा कायम ज वाला असतो. नवशिके व्हेअरिन बघून ‘कुठे’ असा विचार करायला लागतात आणि वाक्य हरवतं, त्यांना मी एवढंच सांगते की क काढा आणि ज लावा. आणि हे नुसतं योगायोगाचं साम्य नाहीये बरं का, दॅट, देअर, देन यांतला आरंभीचा ध्वनी आणि आपल्या तो, तिथे, तेव्हा मधला त हे भाषाशास्त्रानुसार एकाच प्राचीन मुळातून आलेत, तसंच व्हॉट, व्हेअर आणि आपले काय, कुठे यांचं पण मूळ एक. पुण्यात जर्मन शिकणारे बरेच आहेत, त्यांनी डाफॉन, डामिट, वोफॉन आठवावेत, जर्मनमध्ये हीच देअरऑफ-व्हेअरऑफवाली मंडळी अजून भाजी आणायला गेल्यावर सुद्धा वापरतात, त्यात भारदस्त असं काही नाही.

मग इंग्रजीतच हे शब्द कोर्टात जाऊन का बसले? मला स्वतःला या भागात सगळ्यात जास्त रस आहे. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर तिथे राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली आणि नोंदींची लॅटिन. १३६२ मध्ये कायदा झाला की कोर्टात युक्तिवाद इंग्रजीत करा, तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता, आणि नोंदी मात्र लॅटिनमध्येच ठेवा असं त्यात होतं. १४१७ पासून इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री यानं आपली पत्रं इंग्रजीत लिहून घ्यायला सुरुवात केली. कोर्टाच्या नोंदींमधून लॅटिन आणि फ्रेंच घालवणारा कायदा १७३१चा, अंमल १७३३ पासून. म्हणजे कित्येक पिढ्या लेखनिक मंडळी लॅटिन डोक्यात ठेवून इंग्रजी लिहीत होती. लॅटिनमध्ये ‘ज्या गोष्टीच्या साक्षीप्रीत्यर्थ’ असा ठरलेला शेवट असायचा, ‘इन कुयुस रेई टेस्टिमोनियम’, त्याला इंग्रजी प्रतिशब्द हवा तर घरचाच व्हेअरऑफ हाताशी होता, झालं ‘इन विटनेस व्हेअरऑफ’, जे आजही मुंबईतल्या कुठल्याही फ्लॅटच्या ॲग्रीमेंटच्या शेवटी सह्यांच्या वर असतं. ‘प्रीडिक्टुस’चं, म्हणजे ‘आधी सांगितलेल्या’चं, झालं अफोरसेड. म्हणजे शब्द अस्सल गावठी इंग्रजी, त्यांना दिलेलं काम लॅटिन. पुढे बोलणाऱ्यांनी ‘ऑफ इट, इन इट’ म्हणायला सुरुवात केली आणि कागदावरचे लोक देअरऑफवर थांबले, कारण जुन्या मसुद्यातला शब्द बदलला तर अर्थ बदलला असं कुणी म्हणेल ही भीती.

ही गोष्ट आपल्याकडेही घडलीये हे विसरू नका. मराठी दस्तांत ‘सबब’ लिहितात, तो अरबी शब्द, कारण या अर्थाचा, फारसी कारभारातून आला आणि आपल्याकडे ‘म्हणून’चं काम करायला लागला. ‘सदर’ हाही अरबी, सद्र म्हणजे छाती, पुढचा किंवा वरचा भाग, म्हणून ‘सदर इसम’ म्हणजे वर उल्लेख आलेला इसम. ‘मजकूर’ म्हणजे मुळात ‘उल्लेख केलेला’, ‘मौजे मजकूर’ मध्ये तो अर्थ अजून तसाच आहे. दरबाराची भाषा बदलते, जोडशब्द मागे राहतात.

व्हेअरअ‍ॅज चे दोन चेहरे आहेत. बोलण्यातला म्हणजे ‘उलट, मात्र’: एक भाऊ शेती करतो व्हेअरअ‍ॅज दुसरा नोकरी. पण करार किंवा कायद्याच्या सुरुवातीला येतो तो वेगळा, त्याला विरोधाशी काही देणंघेणं नाही, तो पार्श्वभूमी सांगतो. १८७२च्या करार कायद्याची प्रस्तावना व्हेअरअ‍ॅजनं सुरू होते, करारांसंबंधीच्या कायद्याच्या काही भागांची व्याख्या आणि दुरुस्ती करणं इष्ट आहे म्हणून, आणि पुढे ‘इट इज हिअरबाय इनॅक्टेड’. मराठी अधिसूचना ज्यांनी वाचल्यात त्यांना ‘ज्याअर्थी… आणि ज्याअर्थी… त्याअर्थी आता’ हा ठेका माहीतच असेल. हे भाषांतर ज्यानं कुणी प्रथम केलं त्याला माझा नमस्कार, कारण इंग्रजीतला व्हेअरअ‍ॅज आणि ‘नाऊ देअरफोर’ यांच्यातलं जो-तो चं नातं मराठीत इंग्रजीपेक्षा स्पष्ट झालंय. व्यवहारात एक लक्षात ठेवा, व्हेअरअ‍ॅजखाली लिहिलेलं सहसा हकिगत असते, बंधन नाही, कोणी काय करायचं ते ‘नाऊ देअरफोर’नंतर येतं, त्यामुळे तुमची महत्त्वाची अट कुणी ज्याअर्थीच्या परिच्छेदात टाकली असेल तर ती खाली कलमात आणायला सांगा.

देअरबाय कडे बघा, वाटतो किरकोळ. पण खंडणीची व्याख्या, जुन्या दंड संहितेत कलम ३८३ आणि आता भारतीय न्याय संहितेत कलम ३०८, काय सांगते? कुणी जाणूनबुजून एखाद्याला इजेची भीती घालतो, ‘अँड देअरबाय’ त्या घाबरलेल्या माणसाला मालमत्ता द्यायला अप्रामाणिकपणे प्रवृत्त करतो. ‘त्यायोगे’. म्हणजे भीती दाखवली आणि पैसे दिले एवढं पुरत नाही, भीतीमुळेच दिले हा दुवा हवा, आणि तो दुवा त्या एका देअरबायमध्ये आहे. भाषांतरात ‘आणि’ लिहून पुढे गेलात तर गुन्ह्याचा एक घटकच गळाला. ‘त्यानंतर’ लिहिलंत तर फक्त क्रम उरला, कारण गेलं. असंच कॉन्सिक्वेंटली आणि सबसिक्वेंटलीचं, दोघांत ‘मागोमाग येणे’ हाच लॅटिन धातू आहे, पण सबसिक्वेंटली म्हणजे फक्त नंतर आणि कॉन्सिक्वेंटली म्हणजे परिणामी, अपघाताच्या क्लेममध्ये या दोघांची अदलाबदल झाली तर विमा कंपनीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

आणि एक सापळा: देअरफोर दोन आहेत. शेवटी ई असलेला सगळ्यांना माहीत आहे, म्हणून, त्या कारणास्तव. शेवटी ई नसलेला पण एक आहे, तो जुन्या कागदांत येतो आणि त्याचा अर्थ ‘त्यासाठी, त्याबद्दल’. ‘माल आणि देअरफोर दिलेली किंमत’, इथे ‘त्याबद्दल दिलेली किंमत’ असा अर्थ आहे. स्पेलचेक हमखास ई लावून टाकतं आणि वाक्याचं डोकं कुठे पाय कुठे होतं, तेव्हा असं विचित्र वाक्य दिसलं की मूळ प्रत काढून शेवटचं अक्षर बघा.

हिअरिन बद्दल पण सावध राहा. ‘यात’ म्हणजे कशात, या कलमात की या अख्ख्या करारात? शब्द फोडून अर्थ कळतो हे खरं, पण ‘हे’ कशाकडे बोट दाखवतंय हे शब्द सांगत नाही, आणि यावरून खरेखुरे वाद होतात. भाषांतर करताना मी मसुदा पाठवणाऱ्याला विचारते आणि मग ‘या करारात’ किंवा ‘या कलमात’ असं स्पष्ट लिहिते. नुसतं ‘यात’ लिहिणं म्हणजे मूळचा गोंधळ मराठीत आणून ठेवणं. हिअरिनआफ्टर हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी, यात यापुढे: ‘यात यापुढे ज्यांचा उल्लेख लिहून देणार असा केला आहे’.

हेन्स घ्या. मुळात ‘इथून’. मग ‘टू इयर्स हेन्स’, आजपासून दोन वर्षांनी. मग ‘या कारणानं’. जागा, मग काळ, मग कारण, ही वाट भाषा फार वेळा चालतात. सिन्सचं तेच झालं, आधी ‘तेव्हापासून’, मग ‘ज्याअर्थी’. आपल्याकडे बघा, ‘तेव्हा’ हा काळाचा शब्द, पण ‘पाऊस येतोय, तेव्हा छत्री घे’ यात काळ कुठे आहे? ‘त्यामुळे’ मध्ये तर चक्क मूळ आहे. हेन्सच्या शेवटी जो स उच्चार आहे तो जुना षष्ठीचा प्रत्यय, क्रियाविशेषणं करायला लावायचे, वन्स, ट्वाइस, व्हेन्स यांत पण तोच, फक्त स्पेलिंग सी-ई झालं, आणि ऑलवेज, बिसाइड्स, आफ्टरवर्ड्स मधला एस पण तोच, अनेकवचन नव्हे. हेन्समध्ये ‘इथून’ आधीच असल्यामुळे ‘फ्रॉम हेन्स’, ‘फ्रॉम व्हेन्स’ चूक असं काही शिक्षक ठासून सांगतात, तर्क बरोबर आहे, पण १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये १२१व्या स्तोत्रात ‘फ्रॉम व्हेन्स’ आहे, तेव्हा कुणी वापरलं तर फार रागावू नये. आजच्या लिखाणात हेन्सचा खरा उपयोग म्हणजे पुढे नुसतं नाम ठेवता येतं, ‘हेन्स द डिले’, म्हणून हा उशीर.

बाकीचे पटापट. हाउएव्हर म्हणजे ‘कसंही’, आधी ‘कसंही असो’ आणि मग त्यातून ‘पण’. आजही स्वल्पविराम काढलात तर तो जुन्या अर्थावर जातो, ‘हाउएव्हर यू डू इट’ म्हणजे तू ते कसंही केलंस तरी. मोअरओव्हर म्हणजे वर आणखी, फर्दरमोअर म्हणजे पुढे आणखी, आपलं ‘शिवाय’ किंवा ‘वर आणि’ तेच करतं. अदरवाइज आणि लाइकवाइज मधला वाइज शहाणा नाही, तो ‘रीत’ या अर्थाचा जुना शब्द, दुसऱ्या रीतीनं आणि तशाच रीतीनं. हिदरटू म्हणजे इथपर्यंत, आत्तापर्यंत. इनॅझमच अ‍ॅज म्हणजे ज्या प्रमाणात, जितपत, फ्रेंचवरून बेतलेला. आणि ‘व्हिझ’ असं लिहितात तो शब्द लॅटिन ‘व्हिडेलिसेट’चा संक्षेप, त्यातलं झेड हे खरं झेड नाहीच, मध्ययुगीन लेखनिकांची संक्षेपाची खूण होती जी झेडसारखी दिसायची. वाचताना ‘नेमली’ असं वाचतात, मराठीत ‘म्हणजेच, पुढीलप्रमाणे’.

मराठीत याच कामाचे शब्द आपण पण न फोडता वापरतो, म्हणून दोन सांगते. ‘तथापि’ म्हणजे तथा अपि, तसं असूनही, म्हणजे नेव्हरदलेसच्या जागी तो बरोबर बसतो पण नॉटविथस्टँडिंगच्या जागी बसत नाही. आणि ‘किंबहुना’, किं बहुना, जास्त बोलून काय उपयोग, पसायदानात ‘किंबहुना सर्वसुखी’ येतं ते याच अर्थानं, आता आणखी काय सांगू, सगळे सुखी होवोत. हल्ली तो ‘कदाचित’ किंवा ‘अथवा’ म्हणून वापरलेला दिसतो ते मला खटकतं.

शेवटी, स्वतः इंग्रजी लिहिताना यातलं काय वापरावं हे विचारलंय. ऑफिसच्या ई-मेलमध्ये देअरऑफ, हिअरविथ यांची काही गरज नाही, ‘प्लीज फाइंड हिअरविथ अटॅच्ड’ मधला हिअरविथ काढला तर कुणाचंच काही अडत नाही. निबंध, रिपोर्ट यात नेव्हरदलेस, मोअरओव्हर, कॉन्सिक्वेंटली चालतात, पण प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी एक अशी रांग लावू नका, आधीच्या आणि नंतरच्या वाक्यातलं नातं उघड असेल तर जोडशब्द नकोच. हिअरबाय मात्र एका ठिकाणी हक्कानं ठेवा, जिथे शब्द उच्चारणं हीच कृती असते. राजीनामा देतो, नेमणूक करतो, परवानगी देतो, रद्द करतो. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी अशा वाक्यांची खूण म्हणून हाच शब्द सांगितला होता, ‘आय हिअरबाय रिझाइन’ म्हणता येतं, ‘आय हिअरबाय वॉक’ म्हणता येत नाही. मृत्युपत्रात ‘आय हिअरबाय रिव्होक ऑल फॉर्मर विल्स’ असतं तिथे मी मराठीत ‘याद्वारे रद्द करत आहे’ असंच लिहिते, ‘रद्द केलेली आहेत’ असं लिहीत नाही, कारण जुनी मृत्युपत्रं आधीच कधीतरी रद्द झालेली नसतात, ती याच कागदानं रद्द होत असतात.